प-चे मंत्र

नारळी पुनवेपर्यंत बर्फाचा कारखाना झोपलेला असतो.
वेंगुर्ल्याच्या बंदरात होड्या झापांखाली,
आणि आत, रिकाम्या साच्यांजवळ,
गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर
चौकटी आखून बसलेलो आम्ही.

वाळवलेला केंड म्हणजे ड्रॅगन.
इनासचा योद्धा इंजिनाचा पितळी नट,
यासीनचा वैद्य चिंचोका.
माझी मांत्रिक कवडी आहे, पालथी, अठराव्या पातळीची.
उदयनी तिचं नाव,
कारण स्वर माझ्या तोंडातून सरळ सुटतात.
प मात्र ओठांशी येऊन अडतो,
दार आतून लावल्यासारखा.

खेळ चालवतात पोस्टातल्या रेडकर मॅडम.
म्हणतात, "पयल्या पातळीर मरूची भीती असता गो,
अठराव्यार मिरवूची हौस. आणि हौसच मारता."

खरं आहे. वर चढलेला माणूस विसरतो
की सुरीला पातळी कळत नाही.
मंत्राला चार अक्षरं लागतात, सुरीला अर्धा श्वास.
म्हणून मी आधी चौकटी मोजते:
केंडाचा पंख कुठवर पोचतो, शेपूट कुठवर.
त्याच्या कुशीत उभं राहून तोंड उघडायचं नाही.
एक चौकट मागे, पाठ न दाखवता,
ओहोटीच्या चिखलात सरकतो तसं, आधी टाच.
मनात धरायचा मंत्र एकच;
दोन हातांत दोन कुर्ल्या धरलेल्याला विचारा का ते.
घाव बसला तर फासा टाकायचा,
दहा, किंवा घावाचा निम्मा, जे मोठं असेल ते ओलांडायचं.
आणि कितीही माज आला तरी
निघून जायचा मंत्र शेवटपर्यंत राखायचा.

हे सगळं मला येतं.
पण अठरा पातळ्या चढताना
प-चा एकही मंत्र मी घेतला नव्हता.
अग्निवलय, उल्का, आरसे, अदृश्य.
निघून जायचा मात्र पुस्तकात एकच आहे:
परतवाट.

आणि आमच्याकडे मंत्र मोठ्यानं म्हणावा लागतो.
हा मॅडमचा नियम, पुस्तकातला नव्हे.

त्या रात्री चिंचोका आडवा झाला.
केंडाचं तोंड माझ्यापासून दोन चौकटींवर.
मी म्हटलं, प.
मग पुन्हा, प.
मॅडमचा भाचा ओजस, नवाच, हसून म्हणाला,
"फेरी सहा सेकंदांची असते ना?"
कारखान्यात काही चालू नव्हतं.
माझे ओठ सगळ्यांना ऐकू येत होते.

इनासनं नट उचलला आणि कवडीपुढे ठेवला.
"माझी पाळी शिल्लक आसा. मी हंयच उबो.
तिका जितको येळ व्हयो तितको घेऊंदे."

मॅडमनी फासे टाकले. सात. अकरा. पुन्हा सात.
प्रत्येक घावाला इनास नुसता आकडा वजा करत गेला
पेन्सिलीनं, घाई नाही, जाळ्याचा हिशेब करावा तसा.
शून्य लिहिलं त्याने,
आणि माझ्या तोंडातून आख्खा शब्द बाहेर पडला.

परतवाट मेलेल्यांना नेत नाही.
चिंचोका धुगधुगीवर होता, तो आला.
नट केंडापुढेच राहिला.
"रडू नको गो," इनास म्हणाला,
"माझ्याकडे डबोभर आसत."

आता हंगाम सुरू आहे.
पहाटे लिलावात मी पट्टी लिहिते, बोलत नाही.
आज पुकारणारा आला नव्हता,
कुणीतरी म्हणालं, तूच बोल.
टोपलीत पापलेट.
एकाच शब्दात दोन प.

मी एक पाऊल मागे सरले, बर्फाच्या पेटीला पाठ लागेपर्यंत.
समोर इनासची आय येऊन उभी राहिली,
मुद्दाम नव्हे, तिला सुरमई बघायची होती.
परकराच्या खिशात तो नट होता,
खारा, बोटाला गार.

प, म्हटलं.
कावळा टोपलीवर उतरला, कुणी तो हाकलला.
गिऱ्हाइकं बोटांनी भाव दाखवू लागली.
मी अजून पहिल्याच अक्षरात,
आणि चौकट सोडली नव्हती.